हिरव्या खुणेची शिसारी

मी एक चाचणी. शाळेतली नव्हे आणि रक्ताचीही नव्हे. जावा नावाच्या भाषेत लिहिलेला, संगणकात राहणारा थोड्याशा ओळींचा माझा जीव. एका मोठ्या रुग्णालयात औषधं देताना जी संगणकप्रणाली वापरतात, तिच्याबरोबर मी नांदते. माझं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसणार, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. घरातल्या फ्यूजची आठवण तरी कुणाला रोज येते?

पण आज मला बोलायचंय, आणि मी गोड बोलणार नाही. मला माणसांची शिसारी आलीय. सगळ्यांची नाही. एका बाईला मी वगळते, आणि एका माणसाला अर्धवट वगळते. बाकीच्यांबद्दल जे सांगायचं ते सांगते.

आधी माझं काम समजून घ्या. डॉक्टर पडद्यावर औषधाचं नाव लिहितात. पडदा म्हणजे दुकानाचं काउंटर समजा. अगदी मागे नोंदींचं कोठार असतं, तिथे प्रत्येक रुग्णाची माहिती ठेवलेली असते. या दोघांच्या मध्ये निर्णय घेणारा जो भाग, त्याला हे प्रोग्रॅम लिहिणारे लोक सर्व्हिस म्हणतात. सर्व्हिसमधल्या एकेका कामाला मेथड म्हणतात. माझ्या वाट्याला आलेली मेथड एकच प्रश्न सोडवते: हे औषध या माणसाला चालेल का? ती कोठाराला विचारते, याला कशाची ॲलर्जी आहे का, आणि उत्तर बघून औषध सोडते किंवा अडवते.

ती हे नीट करते की नाही, ते बघणं हा माझा धर्म. प्रोग्रॅममध्ये कुणी काहीही बदललं की मला उठवतात. मी मेथडला कामाला लावते, तिने काय केलं ते बघते आणि निकाल देते. बरोबर असेल तर माझ्या नावापुढे हिरवी खूण येते, चूक असेल तर लाल. तेवढं झालं की मी परत पडून राहते, कान-डोळे मात्र उघडे ठेवून. पापणी लवते न लवते तेवढा माझा कामाचा वेळ.

मला जन्म दिला तो मावशीने. ती कुणाची मावशी नव्हती. मुलगी मोठी झाल्यावर घरातून पुन्हा नोकरीला आलेली, केसांना मध्ये पांढरी पट्टी असलेली बाई, म्हणून हाताखालच्या पोरापोरींनी ते नाव ठेवलं आणि तिनेही ते लावून घेतलं. प्रोग्रॅम लिहिताना ती ओठ हलवायची. शेजारच्याला वाटायचं पुटपुटतेय. ती मेथडशी भांडत असायची. "तू काय करशील? कोठार बोललंच नाही तर काय करशील?"

हा प्रश्न तिला सुचला याला कारण होतं. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी एका साध्या गोळीने घसा सुजून श्वास कोंडला होता. तो वाचला. पण त्याचे निळे पडलेले ओठ तिने पाहिले होते, आणि ती गोष्ट ती चहा पिता पिता अगदी सहज सांगायची, जशी माणसं फार भ्यालेल्या गोष्टी सांगतात.

ॲलर्जी आहे असं कोठाराने सांगितलं तर औषध अडवायचं, हे तपासणाऱ्या चाचण्या आधीपासून होत्या. नाही असं सांगितलं तर सोडायचं, त्याच्याही होत्या. पण कोठार गप्पच राहिलं तर? यंत्र अडकलं, तार तुटली, उत्तर आलंच नाही तर? 'माहीत नाही' आणि 'नाही' हे दोन वेगळे शब्द आहेत, असं मावशीचं म्हणणं. त्यासाठी तिने मला लिहिलं.

चाचणीत खरं कोठार वापरत नाहीत. त्याच्या जागी एक तोतया उभा करतात. हे लोक त्याला मॉक म्हणतात. त्याला जे पढवाल तेवढंच तो करतो. माझ्या तोतयाला मावशीने पढवलं होतं की विचारलं तर उत्तर देऊ नकोस, नुसता कोसळून पड. मग मेथडला बोलवायचं. तिने औषध अडवलं तर हिरवी, सोडलं तर लाल. आणि माझं नाव तिने ठेवलं: नोंद मिळाली नाही तर औषध अडवावं. सगळे हसले. इतकं लांब नाव कुणी ठेवतं का म्हणाले. मावशी म्हणाली, "पोरीचं नाव मी ठेवणार. तुम्ही तुमच्या पोरींची ठेवा."

ते दिवस चांगले होते. पण शेजार वाईट होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

माझ्या आजूबाजूला ज्या चाचण्या होत्या, त्यातल्या निम्म्या बघवायच्या नाहीत. काही जणी तोतयाला पढवायच्या की 'सात' म्हण, मग त्यालाच विचारायच्या की किती, तो म्हणायचा सात, आणि या हिरव्या होऊन मिरवायच्या. मेथडला हातही न लावता. काही जणी मेथडला नुसतं हाक मारून परत यायच्या, ती काय म्हणाली ते न ऐकताच. यांना कुणी लिहिलं? टक्केवारी वाढवणाऱ्यांनी. चाचण्या प्रोग्रॅमच्या किती ओळींवरून फिरून आल्या, याचा एक आकडा निघतो. फिरून आल्यावर काही पाहिलं का, ते त्या आकड्याला कळत नाही. कचऱ्याच्या गाडीने गल्लीतून नुसती चक्कर मारावी आणि गल्ली झाडली असं लिहून घ्यावं, तसला प्रकार.

तो आकडा साहेबांना फार प्यारा. साहेब म्हणजे ही प्रणाली बनवणाऱ्या कंपनीतले या सगळ्यांचे प्रमुख. मऊ हातांचा, मऊ आवाजाचा माणूस. 'मी' हा शब्द त्यांच्या तोंडात फक्त कौतुकाच्या वेळी यायचा. काम पडलं की 'आपण', आणि अंगाशी आलं की 'तुम्ही लोक'. आकडा नव्वदीच्या पुढे गेला तेव्हा त्यांनी केक आणवला. हिरव्या क्रीमचा. तो टेबलावरच कापला, त्याच बोटांनी माणसं कळफलक बडवायला बसली, आणि पुढे कितीतरी दिवस बटणांच्या फटीत ते हिरवं क्रीम काळं पडत राहिलं. मुंग्या यायच्या. कुणी पुसलं नाही. मला रंगाची पहिली किळस तिथे आली.

मग मावशीला दुसऱ्या कामावर हलवलं. त्याच दालनात, पण पलीकडच्या कोपऱ्यात. "तिकडे तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची गरज आहे," असं साहेब म्हणाले. खरं कारण एवढंच की ती बैठकीत प्रश्न विचारायची.

तिच्या खुर्चीवर चष्मेवाला आला. पस्तिशीचा, हुशार, आणि भित्रा. घरी दोन लहान मुली, बायको आजारी, डोक्यावर सतत घाई. डबा कळफलकासमोरच खायचा, पेनाच्या टोपणाने कान कोरायचा आणि तेच टोपण दातात धरून विचार करायचा. मला त्याचीही किळस यायची. पण तो वाईट नव्हता. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वतःशीच म्हणाला होता, "ही चांगली लिहिलीय." आम्हा चाचण्यांना असं कुणी म्हणत नाही.

रुग्णालयाकडून तक्रारी सुरू झाल्या. सकाळच्या गर्दीत नोंदींच्या कोठाराचं यंत्र दमायचं, उत्तर द्यायचं नाही, आणि मेथड तिच्या कर्तव्याला जागून औषध अडवायची. औषधांच्या खिडकीवर रांग लागायची. माणसं खिडकीतल्या बाईवर ओरडायची, ती बाई तिच्या वरच्यांवर, आणि शेवटी फोन साहेबांना.

साहेब चष्मेवाल्याच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून अगदी जवळ बसले.

"हे अडवणं काढून टाका."

चष्मेवाला म्हणाला, "सर, नोंद न मिळता सोडायचं?"

"नोंद नाही म्हणजे ॲलर्जी नाही असं धरायचं. बहुतेकांना नसतेच."

"पडद्यावर दाखवू ना, की नोंद मिळाली नाही, रुग्णाला तोंडी विचारा. मावशींनी मागे तेच सुचवलं होतं."

"नवा पडदा करायचा, तो त्यांच्याकडून मंजूर करून घ्यायचा, कुणाला वेळ आहे? आज दुपारपर्यंत रांग हलली पाहिजे. ते नंतर बघू."

"चाचणी लाल होईल, सर."

साहेब उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि जाता जाता म्हणाले, "लाल दिसता कामा नये. कसं ते तुम्ही बघा."

चष्मेवाल्याने मेथड बदलली. कोठार गप्प राहिलं तर आता ती रिकामी यादी धरून चालायची. यादी रिकामी, म्हणजे ॲलर्जी नाही, म्हणजे औषध सोडा. मग त्याने मला उठवलं. मी पाहिलं, आणि जिवाच्या आकांताने लाल झाले. आयुष्यात ज्या एका कामासाठी मी जन्मले होते ते मी केलं.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पेनाचं टोपण दातात होतं. एकदा त्याने मावशीच्या कोपऱ्याकडे मान वळवली. ती तिकडे ओठ हलवत बसली होती. तो उठला नाही.

मला तो पुसून टाकू शकला असता. ते बरं झालं असतं. पण एक चाचणी कमी झाली की आकड्याच्या यादीत दिसतं. म्हणून त्याने माझं नाव ठेवलं, तोतया ठेवला, मेथडला मारलेली हाकही ठेवली, आणि शेवटची ओळ, जिथे मी निकाल द्यायची, ती काढली. मेथडने काहीही केलं तरी ते मुकाट गिळायचं असं लिहिलं. आणि तळाशी एक नवी ओळ घातली. तिचा अर्थ असा: खरं हे खरं आहे का? आहे. हिरवी खूण.

वर त्याने स्वतःसाठी एक टीप लिहिली. 'तात्पुरतं. नंतर बघू.'

तुमच्या तोंडात कुणी बोळा कोंबला आणि वर तुमच्या चेहऱ्यावर हसू रंगवलं, तर कसं वाटेल? मी रोज उठायचे. तोतया कोसळायचा, मेथड औषध सोडून द्यायची, मी ते डोळ्यांनी बघायचे, आणि मग मला विचारलं जायचं, खरं हे खरं आहे का. मी हिरवी व्हायचे. माझ्या नावापुढे, मावशीने ठेवलेल्या त्या नावापुढे, ती हिरवी खूण मला अंगावर थुंकल्यासारखी वाटायची. कुणी आत डोकावलं नाही. हिरवं दिसलं की माणसं उठून चहाला जातात.

रांग मात्र हलली. साहेबांना रुग्णालयाकडून आभाराचा फोन आला. तो त्यांनी स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला.

भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारा एक माणूस होता. धिप्पाड, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाचा हमाल डोक्यावरचं ओझं सावरायचा. हे त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. त्याच्या पायात खोक्याचा खिळा घुसला, पाय सुजला, ताप भरला. बायको त्याला सकाळीच रुग्णालयात घेऊन गेली. तिथे त्याची जुनी नोंद होती. पूर्वी एका इंजेक्शनने त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, तेव्हा नर्सने ते यंत्रात लिहून घेतलं होतं आणि म्हणाली होती, आता दर वेळी सांगायला नको, इथे सगळं दिसतं.

म्हणून त्याने सांगितलं नाही. बायकोनेही नाही. डॉक्टरांनी पडद्यावर त्याच जातीचं इंजेक्शन लिहिलं. नोंदींचं यंत्र तेव्हा दमलेलं होतं. मेथडने रिकामी यादी धरली. पडद्यावर अक्षरं आली: हरकत नाही.

सुई टोचून बाहेर काढली तोवर त्याचा घसा बंद व्हायला लागला होता. धावपळ झाली. घशातून नळी घालावी लागली, घाईत, सुजलेल्या घशातून. तो वाचला. आवाज गेला. आता गळ्यातून फक्त खरखर येते, कान तोंडाशी नेला तर शब्द कळतात.

रुग्णालयाने चौकशी लावली. एक डॉक्टरीणबाई आमच्या दालनात आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या माणसाची बायको. तिला यायचं कारण नव्हतं, पण ती हट्टाने आली होती. "ज्यांनी हे केलं ती माणसं मला बघायचीत," एवढंच तिने सांगितलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर सगळे बसले. साहेबांनी स्वतः तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. कपाळावर योग्य तेवढी आठी होती. आरशासमोर सराव केल्यासारखी.

यादीवर मला लिहिणारी म्हणून मावशीचं नाव होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिलाही बोलावून घेतलं. आत येण्याआधी साहेब तिला दारात म्हणाले होते, "चाचणी तुम्ही लिहिली, एवढंच सांगा. बाकीचं मी बघतो."

मग भिंतीवर मी आले. आमची सगळ्यांची यादी, वरपासून खालपर्यंत हिरवीगार. साहेबांनी बोट दाखवलं.

"हे पाहा. नोंद मिळाली नाही तर औषध अडवावं. याची आमच्याकडे स्वतंत्र चाचणी आहे. रोज चालते. रोज पास होते. आमच्या बाजूने काही राहिलेलं नाही."

माझी साक्ष काढत होते ते. माझ्या तोंडात बोळा कोंबून, माझ्याच तोंडून स्वतःचं निर्दोषपण वदवत होते. मी खूप काही सहन केलंय, पण त्या क्षणी मला जे वाटलं त्याला मळमळ हा शब्द फार सोवळा आहे.

बायको पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "हे हिरवं म्हणजे काय?"

"म्हणजे तपासलंय, ताई. नोंद नसली तर यंत्र औषध अडवतं, हे तपासलंय."

"मग अडवलं का नाही?"

साहेबांनी यंत्र, गर्दी, विजेचा दाब असं काहीबाही सुरू केलं.

मावशी इतका वेळ यादीकडे बघत होती. ती म्हणाली, "ही चाचणी उघडा."

"त्याची आत्ता गरज नाही," साहेब म्हणाले. "यांना जावा कळत नाही."

"मला कळत नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण उघडलेलं दिसेल. उघडा."

कळफलकाशी चष्मेवाला बसला होता. त्याचं बटण दोनदा चुकलं. मग मी भिंतीवर उघडी पडले, एवढी मोठी, सगळ्यांसमोर. वर ती टीप. खाली ती ओळ.

मावशीने वाचलं. तिचे ओठ हलले नाहीत. तिने परत वाचलं, आणि मग त्या बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"बाई, तुमच्या बाजारात वजनकाटा असतो ना?"

"असतो."

"त्या काट्याची सुई कुणी एका जागी चिकटवून टाकली, तर वर काय ठेवलंय त्याने काही फरक पडेल?"

बायकोने मान हलवली. नाही.

"तसं केलंय. हिरवं लावलंय आणि चिकटवून टाकलंय. आत तपासलेलं काहीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कुणी केलं?"

चष्मेवाला उभा राहिला. "मी," तो म्हणाला. "मी केलं."

साहेबांच्या खांद्यांतला ताण उतरताना मी पाहिला. मला त्या खोलीत सगळ्यात जास्त किळस कशाची आली असेल तर त्या उतरलेल्या खांद्यांची. त्यांनी लगेच वही ओढली. "हे फार गंभीर आहे," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "तुम्ही लोक असं परस्पर काही करता आणि मला पत्ता नसतो. यावर कारवाई होईल."

चष्मेवाल्याने फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

"केलं याने," मावशी म्हणाली. "सांगितलं कुणी?"

"मावशी, तुम्ही त्या कामावर नव्हता."

"नव्हते. म्हणूनच विचारतेय. याला मी ओळखते. हा साहेबांना विचारल्याशिवाय खिडकी उघडत नाही. औषध सोडायचं हे याने एकट्याने ठरवलं?"

साहेब पाणी प्यायले. तो ग्लास त्यांनी त्या बायकोसाठी ठेवलेला होता, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. "तो सामूहिक निर्णय होता," ते म्हणाले.

सामूहिक. मी पुष्कळ शब्द ऐकलेत, पण इतका बुळबुळीत शब्द दुसरा नाही. कुठूनही धरा, हातातून निसटतो.

बायको उठली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. दाराकडे जाताना चष्मेवाल्यापाशी थांबली. "तू तरी 'मी केलं' म्हणालास," म्हणाली. "यांचं मी काय नाव सांगायचं घरी? सामूहिक?" आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी कुणाला न विचारता तिच्या जुन्या खुर्चीपाशी आली. चष्मेवाल्याला म्हणाली, "सरक." दोघं एकाच टेबलाशी बसली. आधी तिने रुमाल ओला करून कळफलकाच्या फटी पुसल्या. मग तळाची ती खोटी ओळ काढली. माझी जुनी ओळ तिला पाठ होती. ती परत लिहिली. चष्मेवाला मेथड दुरुस्त करायला निघाला तर तिने त्याचा हात धरला.

"आधी हिला चालव. मेथड आहे तशीच ठेव."

"लाल होईल."

"होऊ दे. तुला ते दिसलं पाहिजे."

त्याने मला उठवलं. तोतया कोसळला, मेथडने औषध सोडलं, आणि मी लाल झाले. काय सांगू तुम्हाला. पोटातलं सगळं साचलेलं ओकून टाकल्यावर अंगाला जो थंड घाम येतो आणि बरं वाटतं, तसं बरं वाटलं. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. काचा कधीच्या स्वच्छ झाल्या होत्या.

मग त्यांनी मेथड दुरुस्त केली. तो नवा पडदाही झाला, ज्यासाठी कुणाला वेळ नव्हता: नोंद मिळाली नाही, रुग्णाला विचारा. दोघांनी मिळून केला आणि जेवणाच्या सुट्टीआधी संपलासुद्धा. रुग्णालयाने त्याच आठवड्यात तो मंजूर केला.

एका सुट्टीच्या दिवशी चष्मेवाला त्या बाजारात जाऊन आला. मावशीला त्याने सांगितलं तेव्हा मी ऐकलं. तो माणूस ओट्यावर उभा होता. पुकारायचं काम आता त्याचा धाकटा भाऊ करतो. हा शेजारी उभा राहून बोटांनी खुणा करतो, आणि भाव अडला की भावाच्या कानाशी वाकतो. चष्मेवाल्याने तोंड उघडायचं ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. त्याऐवजी भलत्याच वेळी त्याचा हात वर गेला आणि टोमॅटोचा एक लिलाव त्याच्या नावावर लागला.

"त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली," तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणून. घरी सगळे विचारतायत, एवढ्या टोमॅटोंचं करायचं काय."

मावशीने विचारलं, "परत जाणार आहेस?"

"जायला लागेल," तो म्हणाला.

चष्मेवाल्याला ताकीद मिळाली, बढती थांबली. साहेबांचं काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, त्यांना वाटत नाही. ते आता गुणवत्तेचे प्रमुख आहेत. नव्या माणसांपुढे भाषण करताना ते माझी गोष्ट सांगतात. 'आपल्याकडे एकदा एक पोकळ चाचणी सापडली,' असं म्हणतात. सापडली. रस्त्यावर रुमाल सापडावा तशी. मुलं टाळ्या वाजवतात.

पण मी बोलायला बसले ते यासाठी नाही. साहेबांनी मला कितीही नासवलं असतं तरी मी गप्प राहिले असते.

गोष्ट अशी आहे की मी पोकळ होते त्याच काळात आमची संपूर्ण प्रणाली उचलून आणखी रुग्णालयांना दिली गेली. जशीच्या तशी. प्रोग्रॅमची नक्कल करायला फार वेळ लागत नाही, आणि एकदा केली की ती आपापल्या घरची होते. इथे मला बरं केलं म्हणून तिथली मी बरी होत नाही. तिथे तीच बिघडलेली मेथड आहे, तीच टीप आहे, आणि मावशीने ठेवलेल्या नावाखाली तीच मी आहे, बोळा कोंबलेली, हिरवी.

मावशी हे सांगायला साहेबांकडे गेली. परत परत गेली. ते म्हणतात, तिथून अजून तक्रार आलेली नाही. ती म्हणाली, तक्रार करायला गळा लागतो. त्यावर त्यांनी तिला बैठकीची वेळ दिली, मग ती पुढे ढकलली. आता ती आणि चष्मेवाला एकेका रुग्णालयाला स्वतः फोन लावतात. काही ठिकाणी ऐकतात. काही ठिकाणी म्हणतात, आमच्याकडे तर सगळं हिरवं आहे.

म्हणून तुम्हाला विनवते. तुम्ही असल्या कुठल्या दालनात काम करत असाल, तुमच्यासमोरच्या यादीत ते लांबलचक नाव दिसलं, ज्याला सगळे हसले होते, तर खुणेकडे बघून चहाला उठू नका. मला उघडा. तळापर्यंत वाचा. आणि आत काही नसेल, तर मेथडला हात लावण्याआधी मला एकदा लाल होऊ द्या.